'पॅरिस' खुर्चीचा खटला आणि कोथरूडच्या सहा खुर्च्या

कोथरूडमधल्या एका घराचं काम माझ्याकडे होतं. टेबल ठरलं, पडदे ठरले, दिवेही ठरले आणि जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सहा खुर्च्यांवर सगळं अडलं. घरच्या ताईंना जी खुर्ची हवी होती ती तुम्ही नक्की पाहिली आहे. पाठ आणि बसायची जागा मिळून एकच वाकलेलं प्लास्टिकचं शेल, खाली चार तिरके लाकडी गोल पाय आणि त्या पायांना एकमेकांत धरून ठेवणाऱ्या काळ्या सळ्या. कॅफेत असते, सलूनमध्ये असते, दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही असते. दुकानदार तिला 'इम्स चेअर' म्हणाला. "ताई, फर्स्ट कॉपी आहे. ओरिजिनल शेजारी ठेवली तरी ओळखणार नाही." भाव दोन-तीन हजारांच्या घरात.

त्यांची मुलगी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला असते. फोटो बघून तिने रात्री फोन केला, की आई, याच खुर्चीवरून इथे मोठा खटला झालाय, घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला सरळ विचारलं, "आपण चोरीचा माल घेतोय का?"

मी पंधरा वर्षं हे काम करते आहे आणि मला नीट उत्तर देता आलं नाही, याची मला लाज वाटली. मग तो खटला मी मुळापासून वाचून काढला. त्यातून जे समजलं आणि त्या सहा खुर्च्यांचं पुढे काय झालं, ते इथे मांडते.

आधी खुर्ची. तिचं नाव डीएसडब्ल्यू. 'डायनिंग साइडचेअर वुड', म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या उंचीची, हात नसलेली, लाकडी पायांची. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याची ही रचना. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने एक स्पर्धा जाहीर केली होती आणि तिचा विषयच 'कमी किमतीचं फर्निचर' असा होता. युद्ध संपलेलं, घरं लहान, संसार नवे. ईम्स यांनी शेलची कल्पना तिथे मांडली तेव्हा ते पत्र्याचं होतं, साच्यात दाबून काढलेलं. पत्रा महाग पडला. मग लॉस एंजेलिसजवळच्या झेनिथ प्लास्टिक्स या कंपनीकडे ते वळले. युद्धकाळात रडारवरची फायबरग्लासची आवरणं तिथे बनत. त्याच तंत्राने खुर्चीचं शेल निघालं आणि १९५० पासून हर्मन मिलर कंपनीने त्या खुर्च्या बाजारात आणल्या.

एकच शेल आणि खाली वेगवेगळे पाय, ही त्यातली खरी अक्कल. लाकडी पाय लावा, ती जेवणाची खुर्ची. डुलणारे पाय लावा, ती आरामखुर्ची. सळ्यांचा मनोरा लावा, ती आपल्याकडे 'आयफेल चेअर' म्हणून विकली जाते ती. साचा एकदा बनला की खर्च वाटला जातो आणि खुर्ची स्वस्त होते. ही खुर्ची स्वस्त व्हावी म्हणूनच जन्मली होती, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवा. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त तेच टोचत राहिलं.

युरोपात ही खुर्ची व्हिट्रा ही स्विस कंपनी बनवते. तिचे संस्थापक विली फेलबाऊम यांनी १९५३ मध्ये अमेरिकेत ईम्स यांचं फर्निचर पाहिलं आणि १९५७ मध्ये त्यांना युरोपात ते बनवण्याचा परवाना मिळाला. आज युरोप आणि मध्यपूर्वेत परवाना व्हिट्राकडे आणि आपल्याकडे हर्मन मिलरकडे. म्हणजे भारतात 'ओरिजिनल' घ्यायची तर हर्मन मिलरची. व्हिट्राची खुर्ची कुणी सामानात घालून आणली, तर तीही तितकीच अधिकृत.

आता खटला. क्वांटम ही नेदरलँड्स आणि बेल्जियममधली घरसामानाच्या दुकानांची साखळी. तिने 'पॅरिस' नावाची एक खुर्ची विकायला काढली. ती डीएसडब्ल्यूसारखी दिसते, आमच्या कॉपीराइटचा भंग आहे, असं म्हणत व्हिट्रा हेगच्या न्यायालयात गेली. पहिल्या न्यायालयाने व्हिट्राची मागणी फेटाळली. अपील न्यायालयाने तो निकाल उलटवून व्हिट्राच्या बाजूने कौल दिला. क्वांटम डच सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या न्यायालयाला प्रश्न इतका नाजूक वाटला, की त्याने तो लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे पाठवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुण्यात मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी बहुतेकांचा समज उलटा होता. वाद 'पॅरिस' खुर्ची डीएसडब्ल्यूसारखी दिसते का यावर लक्झेंबर्गला गेलाच नाही. तो गेला अमेरिकेवरून.

१८८६ च्या बर्न कराराचं तत्त्व असं, की परदेशी लेखक-कलावंताला आपण आपल्या माणसाइतकंच संरक्षण द्यायचं. त्याला एक अपवाद आहे. खुर्ची, दिवा, कापडावरची नक्षी अशा वापराच्या वस्तूंना त्यांच्या मूळ देशात केवळ डिझाइन म्हणून संरक्षण मिळत असेल, तर दुसऱ्या देशानेही तेवढंच द्यावं. पूर्ण कॉपीराइट द्यायची सक्ती नाही. तुम्ही आमच्या माणसाला जितकं देता तितकंच आम्ही तुमच्या माणसाला देऊ, असा तो हिशेब. आणि अमेरिकेत खुर्चीच्या आकाराला सहसा कॉपीराइट मिळत नाही. तिथे डिझाइन पेटंट असतं, आणि त्या काळी त्याची मुदत फार तर १४ वर्षं होती. ती केव्हाच संपली. क्वांटमचा मुद्दा बिनतोड दिसत होता: खुर्ची अमेरिकेची, अमेरिकाच तिला कॉपीराइट देत नाही, मग आम्ही का द्यावा?

२४ ऑक्टोबर २०२४ ला निकाल आला आणि तो क्वांटमच्या विरुद्ध गेला. न्यायालयाचा युक्तिवाद सोप्या शब्दांत असा. २००१ च्या निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांनी पाळायच्या संघाच्या कायद्याने, युरोपीय संघाने कॉपीराइटमधले नक्कल आणि विक्री यांबाबतचे हक्क सर्व सदस्य देशांसाठी एकसारखे करून ठेवले आहेत. त्या निर्देशात 'कृती' म्हटलं आहे. ती कुठल्या देशात जन्मली अशी अट घातलेली नाही. कॉपीराइट ही मालमत्ता आहे आणि संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेत मालमत्तेला संरक्षण आहे. तिच्यावर मर्यादा घालायची तर कायद्यानेच घालावी लागेल आणि तो कायदा संघाच्या विधिमंडळाचा हवा. नेदरलँड्स किंवा बेल्जियम आपापल्या पातळीवर बर्न कराराचा तो अपवाद पुढे करू शकत नाहीत. खुर्ची युरोपीय कायद्याच्या अर्थाने 'कृती' ठरली, म्हणजे तिच्यात रचनाकाराचं स्वतःचं, मोकळेपणाने केलेलं निर्माण दिसलं, की तिचा जन्म न्यूयॉर्कचा असो की नागपूरचा, संरक्षण सारखंच.

नागपूर मी गमतीने लिहिलेलं नाही. या निकालाचा फायदा आपल्याकडच्या रचनाकारालाही आहे. इथल्या कुणाची खुर्ची उद्या रॉटरडॅमच्या दुकानात उचलून नक्कल केली, तर भारतात तिला कॉपीराइट नाही म्हणून तिथे हात वर करता येणार नाहीत. म्हणून मला हा निकाल बरोबर वाटतो. एखाद्या कामाची किंमत त्याच्या पासपोर्टवरून ठरू नये.

तरी मन पूर्ण निवत नाही. 'कमी किमतीचं फर्निचर' म्हणून जन्मलेली खुर्ची आज युरोपात काहीशे युरोंना एक अशी मिळते. क्वांटमच्या दुकानात जाणारं कुटुंब हेच त्या १९४८ च्या स्पर्धेचं खरं गिऱ्हाईक होतं. कायद्याने नक्कल बंद केली म्हणून मूळ वस्तू त्या कुटुंबाच्या आवाक्यात येत नाही. परवानाधारक कंपन्यांनी याचं उत्तर द्यायला हवं आणि ते मला अजून कुठे दिसलेलं नाही.

ताईंच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला एक जुना निकाल मात्र मला याच वाचनात सापडला. चंदीगड रचणारे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्या फर्निचरचा परवाना इटलीच्या कासिना कंपनीकडे आहे. जर्मनीतल्या पीक अँड क्लोपेनबर्ग या कपड्यांच्या दुकानाने त्या रचनेच्या बिनपरवाना खुर्च्या आणून गिऱ्हाइकांना टेकायला ठेवल्या आणि काचेतही मांडल्या. २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की लोकांना खुर्चीवर बसू देणं किंवा ती दाखवायला ठेवणं म्हणजे 'वितरण' नव्हे. वितरणात मालकी हस्तांतरित व्हायला हवी. उलट २०१२ च्या एका निकालात, इटलीतून बाउहाउस या जुन्या जर्मन कलाशाळेच्या फर्निचरच्या नकला ट्रकने जर्मन घरांत पोहोचवणाऱ्या वाहतूकदाराला शिक्षा करणं न्यायालयाने योग्य ठरवलं. म्हणजे तिथेही कायद्याची काठी विकणाऱ्यावर आणि पोहोचवणाऱ्यावर पडते. घरात खुर्ची घेऊन बसलेल्या माणसाच्या मागे कुणी लागलेलं मी तरी वाचलं नाही.

ब्रिटनमधली वाट वेगळी होती. तिथे एखाद्या वस्तूच्या पन्नासपेक्षा जास्त प्रती कारखान्यात निघाल्या की कॉपीराइट २५ वर्षांवर येई. त्यामुळे तिथे नकला उघड विकल्या जात. २८ जुलै २०१६ पासून ते कलम रद्द झालं आणि दुकानदारांना साठा संपवायला २८ जानेवारी २०१७ पर्यंत मुदत मिळाली.

पन्नासचा तो आकडा आपल्याही कायद्यात आहे, आणि आपल्याकडे तो आणखी कडक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, जी रचना डिझाइन कायद्याखाली नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिच्या वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा निघाल्या की कॉपीराइट संपतो. पूर्ण संपतो. डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी केली तर आधी १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. नोंदणीसाठी रचना नवी हवी, आधी कुठेही प्रसिद्ध न झालेली. १९५० पासून जगभर विकली जाणारी खुर्ची आज इथे कुणी नोंदवूच शकत नाही.

म्हणून ताईंना मी सांगितलं, की नाही, हा चोरीचा माल नाही. भारतात या आकाराची खुर्ची बनवायला आणि विकायला कायद्याची आडकाठी नाही. पण दुकानदाराने पाटीवर जे नाव लावलंय ते वेगळं प्रकरण आहे. आकार मोकळा असला तरी नाव मोकळं नसतं. दुसऱ्याच्या नोंदवलेल्या नावाखाली आपला माल खपवणं ट्रेडमार्क कायद्यात बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते खोटं आहे.

"मग फरक काय?" ताईंनी विचारलं. "कायदेशीर असेल तर पस्तीस-चाळीस हजार कशाला घालायचे?"

इथे मी त्यांना खुर्ची उलटी करून दाखवली, आणि जो कुणी अशी खुर्ची घेणार असेल त्याने हे करावंच. शेलच्या जाडीत, पाय कुठे आणि कसे बसवलेत यात, आणि शेल व पाय यांच्या मध्ये काय आहे यात सगळा फरक असतो. डीएसडब्ल्यूच्या लाकडी पायांना सळ्यांचं जे जाळं आहे ते शोभेचं नाही. माणूस मागे रेलला की वजन शेलमधून सळ्यांत आणि सळ्यांतून पायांत उतरतं. नकलांमध्ये सळी बारीक असते, लाकूड हलकं असतं आणि स्क्रू सरळ लाकडात पिळलेला असतो. सहा महिने रेलून बसा, स्क्रूचं भोक मोठं होतं आणि खुर्ची डुगडुगायला लागते. एका ऑफिसच्या कँटीनसाठी मी स्वतः अशा चोवीस नकला निवडल्या होत्या. वर्ष पुरं व्हायच्या आत सात खुर्च्यांचे पाय सैल झाले आणि एक माणूस मागच्या मागे पडला. त्याला फार लागलं नाही, पण ती निवड माझी होती. त्या दिवसानंतर मी कुठलीही खुर्ची उलटी केल्याशिवाय घेत नाही.

मूळ खुर्चीतही दोष होते. जुन्या फायबरग्लास शेलला खाली रबराच्या चकत्या चिकटवलेल्या असत आणि काही दशकांनी त्या सुटतात. फायबरग्लास पुन्हा वितळवून वापरता येत नाही. म्हणून १९९० च्या दशकात व्हिट्राने ते थांबवलं आणि पॉलिप्रॉपिलीनचं शेल आणलं. माणसांची सरासरी उंची वाढली म्हणून खुर्चीची उंचीही वाढवली. २०२४ पासून हे शेल घरगुती पॅकेजिंगच्या कचऱ्यातून मिळवलेल्या प्लास्टिकचं बनतं. हे सगळं ईम्स यांच्या वारसांच्या कार्यालयाशी बोलून. म्हणजे आज ज्याला आपण 'ओरिजिनल' म्हणतो ती १९५० ची खुर्ची नाहीच. सामान वेगळं, उंची वेगळी. तिला मूळ म्हणायचं ते इतक्यासाठी, की एक जबाबदार कारखाना सत्तर वर्षं त्या खुर्चीचे दोष काढत बसला आहे. नक्कल करणारा एका दिवशीची खुर्ची उचलतो आणि त्याच्यापुरती ती तिथेच थांबते. परवान्याच्या खुर्चीचा पाय दहा वर्षांनी तुटला तर तो मागता येतो. कँटीनमधल्या त्या सात खुर्च्यांसाठी पाय मागायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता दुसरा माल आलाय, हे भोक जुळणार नाही."

ईम्स दांपत्याचा आपल्याशी एक जुना धागा आहे, तो इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते देशभर फिरले आणि एक अहवाल लिहिला. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त जीव ओवाळून टाकला तो आपल्या लोट्यावर. भरलेला आणि रिकामा असतानाचा तोल, कमरेवर आणि डोक्यावर तो कसा बसतो, हातात कसा येतो, पाणी कसं ओतलं जातं, आतून घासता येतो का, असं सगळं त्यांनी बघितलं. आणि लोटा कुणा एका माणसाने घडवलेला नाही, पिढ्यांनी घडवला, असं नोंदवलं. आमच्या कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याचं मठारकाम, म्हणजे ठोके देऊन भांडं घडवण्याचं काम, बघताना मला तेच वाटतं. तिथल्या तांब्याच्या आकारावर कुणाचा हक्क नाही, सगळे तोच आकार घडवतात. तरीही कुणाचा तांब्या चांगला हे गिऱ्हाइकाला कळतं, कारण ते पत्र्याचा गेज बघतं, ठोका बघतं आणि बूड टेकवून बघतं. नकलेच्या खुर्चीकडे आपण असं बघतच नाही. फोटोसारखी दिसली की पैसे देऊन मोकळे होतो.

ताईंचं बजेट सहा परवाना-खुर्च्यांचं नव्हतं आणि मी तो आग्रह धरला नाही. दोन ओरिजिनल आणि चार कॉपी असं करू का, असं त्यांनी विचारलं. त्याला मात्र मी नको म्हटलं. एकाच टेबलाला दोन्ही लावल्या तर रोज जेवताना घरात दोन दर्जे बसतील आणि पाहुण्याला कुठली द्यायची हा प्रश्न पडेल. मी त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक, आत्ता दोनच परवान्याच्या घ्यायच्या, बाकीच्यांसाठी घरातला जुना बाक वापरायचा आणि पुढे जमेल तशा वाढवायच्या. दुसरी, आपल्याच सुताराकडून सागवानी खुर्च्या करून घ्यायच्या, बसायला वेताचं विणकाम, कुणाच्याही नावाशिवाय. सहा खुर्च्यांचा सुताराचा खर्च दोन परवाना-खुर्च्यांपेक्षा कमी आला.

त्यांनी दोन्ही नाकारल्या. त्यांना तीच खुर्ची हवी होती, आणि हवीशी वाटणं हा काही गुन्हा नाही. मग आम्ही तीन दुकानं फिरलो आणि दिसेल ती खुर्ची उलटी केली. तिसऱ्या दुकानात एक बरी सापडली. शेल जाड होतं, पायाला आतून लोखंडी बुश होता, म्हणजे स्क्रू लाकडात न जाता धातूत बसत होता, आणि सळी बोटाने वाकत नव्हती. पहिल्या दुकानापेक्षा खुर्चीमागे सातशे रुपये जास्त पडले. बिल लिहिताना त्या माणसाने 'इम्स चेअर ओरिजिनल कॉपी, ६ नग' असं लिहिलं. ताईंनी बिल परत दिलं.

"भाऊ, हे खोडा. 'प्लास्टिक शेल खुर्ची, लाकडी पाय' एवढंच लिहा. आणि पायांचा एक जादा सेट द्या, त्याचे पैसे वेगळे लावा."

त्याने जुनं बिल फाडलं आणि नवीन लिहून दिलं. जादा पाय माळ्यावर आहेत. मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा सहाही खुर्च्या उलट्या करून पाहिल्या. दोन स्क्रू अर्धा पेच आवळावे लागले.